जॉबर, बदली आणि खर्चीवाला

इचलकरंजीत दिवाणजी म्हणून हयात गेली, त्यामुळे कुठलाही कामगार कायदा हाती आला की मी आधी तो किती माणसांपासून लागू होतो हा आकडा शोधतो. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात तो १०० होता, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २० आणि १९४८ मध्ये वीज असेल तर १०.

मुंबईच्या गिरण्यांना या आकड्यांची फिकीर नव्हती. तिथं एकेका गिरणीत हजारो माणसं, आणि अडचण अशी की मालक त्यांतल्या कुणालाच ओळखत नसे. ओळखायचा तो जॉबर. सातारा-रत्नागिरीकडची, आपल्या गावची, भावकीतली पोरं तोच कामाला लावायचा, तोच काढायचा. कुणी गैरहजर राहिलं की दरवाज्यावरच्या गर्दीतून बदली तोच निवडायचा. त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. खोली, उसनवारी, सगळं त्याच्यामार्फत. पगार गिरणीचा असला तरी माणूस जॉबरचा. मालक पुढं जॉबरच्या नावानं खडे फोडत, पण भरतीची सगळी उस्तवार तोच परस्पर करतोय हे त्यांच्या सोयीचंच होतं.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियननं ही घडी विस्कटली. कामगार आता जॉबरला डावलून थेट बोलू लागले. १९३१ मध्ये मजूरविषयक व्हिटली आयोगानं भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडं द्यायला सांगितलं. १९३५ मध्ये गिरणी मालक संघानं बदलीवर नियंत्रण आणलं: ठरावीक माणसांना पास द्यायचे, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं, रिकाम्या जागा त्यांनाच. जॉबरचं वजन अर्थात एका पासानं उतरलं नाही. १९४८ च्या कायद्यानं ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला. इथला जॉबर माग दुरुस्त करतो. माणसं मालकच ठेवतो. त्याला कारागिराच्या पोरांची नावंसुद्धा ठाऊक असतात. पण ओळखीनं माणूस टिकत नाही, म्हणून उचल द्यायची. उचल फिटेपर्यंत कारागीर हलत नाही, आणि हलला तर नवा मालक ती भरून त्याला नेतो. राहिला दहाचा आकडा. तो चुकवायला एकाच छपराखाली चार माग भावाच्या नावावर, चार बायकोच्या, उरलेले स्वतःच्या. तिन्ही हजेरीपट एकाच दिवाणजीच्या अक्षरात! इन्स्पेक्टरलाही ते दिसत असेच.

१९८२ च्या गिरणी संपात मुंबईच्या गिरण्यांनी भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागांवर कापड विणून घेतलं, तेव्हा या लहान असण्याचा फायदा मोठ्यांनीही उचलला. पास, कल्याण अधिकारी, युनियन यांतलं काहीच त्या कापडाबरोबर आलं नाही. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणणारा खर्चीवाला तर ना धड मालक, ना धड कामगार. रात्रपाळीचा कारागीर आला नाही की तो स्वतःच मागावर उभा राहतो, आणि सकाळी व्यापाऱ्याकडं मीटरमागं दोन पैसे वाढवून मागायला जातो.