पोटातला वारा आणि एका हकिमाचा मृत्यू

इब्न सीनाचे नाव घेतले की आपल्याकडे लगेच 'अल-कानून फित-तिब'चा गौरव सुरू होतो. हा ग्रंथ युरोपात कित्येक शतके शिकवला गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. पण ज्या हकिमाने पोटशूळावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, तो हकीम पोटशूळानेच गेला, ही गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. मला ती त्या गौरवाहून अधिक शिकवणारी वाटते.

या आजाराला अरबीत 'कुलंज' म्हणतात. आतड्यात काहीतरी अडून राहते, पोट फुगते आणि कळा येतात. इब्न सीना इस्फहानचा अमीर अलाउद्दौला याच्या पदरी होता. मोहिमेवर असताना त्याला कुलंज झाला. लढाई हरली तर मागे हटावे लागेल, आणि आजारी माणसाला कोण सोबत नेणार, या भीतीने त्याला लवकर बरे व्हायचे होते. म्हणून त्याने एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतड्यांना जखमा झाल्या. हा सगळा वृत्तांत त्याचा शिष्य अबू उबैद अल-जुझजानी याने लिहून ठेवला आहे.

पुढची नोंद तर फारच बोलकी आहे. पोटातला वारा मोडण्यासाठी बस्तीत दोन दानक कर्फसचे बी घालावे, असे इब्न सीनाने सांगितले. कर्फस म्हणजे आपल्या अजमोद्याच्या जातीतली वनस्पती. उपचार करणाऱ्या एका वैद्याने त्यात पाच दिरहम बी घातले. सहा दानकांचा एक दिरहम होतो, म्हणजे सांगितल्याच्या पंधरापट! हे जाणूनबुजून झाले की चुकून, हे ठाऊक नाही, असे जुझजानी प्रामाणिकपणे नोंदवतो. जखमा आणखी चिघळल्या. भरीस भर म्हणून, चोरी उघडकीस येईल या भीतीने नोकरांनी त्याच्या औषधात जास्तीची अफू मिसळली. इब्न सीना त्यातून कसाबसा सावरला, पण पथ्य पाळले नाही. 1037 साली हमदानला पोहोचल्यावर शरीर आता साथ देत नाही हे त्याने ओळखले, आणि त्याने इलाज थांबवला. काही दिवसांतच तो वारला. त्याची कबर आजही हमदानमध्ये आहे.

'वारा मोडणे' हा शब्दप्रयोग लक्षात घ्या. युनानी तिबमध्ये अशा औषधांच्या वर्गाला 'कासिर-ए-रियाह' म्हणतात. रियाह म्हणजे वारे, कासिर म्हणजे मोडणारा. पोट फुगण्याला 'नफ्ख-ए-शिकम' असे नाव आहे. ही कल्पना मूळची अरबांची नव्हे. रोगांचे मूळ वाऱ्यात शोधणारा एक ग्रंथ ग्रीक हिप्पोक्रेटिसच्या नावावर आहे. आयुर्वेदातला वात आणि त्यातले 'आध्मान' आपल्या परिचयाचे आहे. चरकसंहितेत जे तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत अधोवायूही येतो. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक या ख्रिस्ती विद्वानाने गॅलेनचे ग्रंथ अरबी आणि सुर्यानीत आणले. अली इब्न रब्बन अत-तबरी याने 850 साली पूर्ण केलेल्या 'फिरदौस अल-हिकमा'त शेवटी भारतीय वैद्यकाचा स्वतंत्र भाग जोडला आणि चरक-सुश्रुताचे ऋण मान्य केले. आपले वैद्यक आणि त्यांचे वैद्यक असा वाद आज घालणाऱ्यांनी हे पुस्तक आठवावे.

आपल्या स्वयंपाकघरातही हाच इतिहास आहे. युनानीतली 'जवारिश कमूनी' म्हणजे जिऱ्याचे पाचक. त्यात जिरे, सुंठ, मिरी, सताप आणि मध असतो. 'जवारिश' हा शब्द पचनासाठीच्या फारसी शब्दावरून आला, आणि कमून म्हणजे जिरे. हिंगाष्टक चूर्णातही जिरे, सुंठ, मिरी आहेच. त्यातला हिंग शतकानुशतके अफगाणिस्तान-इराणकडून येत राहिला. भारतात त्याच्या लागवडीची पहिली रोपे 2020 साली हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात लावली गेली. म्हणजे वरणाच्या ज्या फोडणीला आपण अस्सल मराठी म्हणतो, तिचा वास खैबर ओलांडून आला आहे.

आता आजचे शास्त्र काय सांगते? पोटातला वायू मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक म्हणजे घाईने खाताना, बोलता बोलता जेवताना गिळलेली हवा. दुसरी वाट मोठ्या आतड्यातली. हरभरा, राजमा, उडीद यांतल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत. तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. कडधान्ये भिजवून ते पाणी फेकून देण्याची आपल्या आयाबायांची पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे. अनेकांना दुधातली साखर पचत नाही, त्यांनाही हाच त्रास होतो. मात्र पोट फुगलेल्या माणसात वायू नेहमीच जास्त असतो असे नाही, हेही संशोधनात दिसले. कित्येकदा वायू नेहमीइतकाच असतो, पण आतडे त्याला नीट पुढे सरकवत नाही, किंवा जाणीवच तीव्र झालेली असते. पुदिन्याच्या तेलातले मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करते, म्हणून त्याने आराम पडतो. जेवणानंतर थोडे चालण्यानेही फरक पडतो.

रमजानमध्ये हा विषय घराघरात निघतो. दिवसभराच्या उपवासानंतर भजी, चणे, थंड सरबत आणि वर बिर्याणी, तेही पंधरा मिनिटांत! मग मगरिबच्या नमाजीत वाकता येत नाही. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही हदीस आपल्याला पाठ असते. पण ती दस्तरखानावर बसताना आठवत नाही.

इब्न सीनाकडून घ्यायचा धडा मला दुहेरी वाटतो. पहिला, औषध मसाल्याच्या डब्यातले असले तरी त्याला मात्रा असते. पंधरापट कर्फसने वारा मोडला नाही, माणूस मोडला. दुसरा धडा निदानाचा. मूतखड्याची कळ आणि आतड्याची कळ वेगळी कशी ओळखावी, यावर त्याने बारकाईने लिहिले होते. आपण मात्र प्रत्येक दुखण्याला 'गॅस झाला' म्हणून मोकळे होतो. छातीत दाटून आले, घाम फुटला, तर तो गॅस नसून हृदयविकार असू शकतो. शौचातून रक्त, विनाकारण घटणारे वजन, किंवा पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही बंद होणे ही धोक्याची खूण आहे. विशेषतः बायकांचे आठवडेच्या आठवडे फुगलेले पोट दुर्लक्षिले जाते. अंडाशयाचा कर्करोग कित्येकदा असाच सुरू होतो. घरातल्या बाईने तक्रार केली, तर तिच्या हाती ओव्याची पुडी देऊन विषय संपवू नका. तिला डॉक्टरकडे न्या.

ओवा, जिरे, हिंग यांना माझा विरोध नाही. हजार वर्षांचा अनुभव त्यांच्यामागे आहे. पण त्या अनुभवातच एका थोर हकिमाचा अकाली मृत्यूही आहे. तो विसरून फक्त गौरव मिरवला, तर आपण इब्न सीना वाचला असे म्हणता येणार नाही.