पोर्तुगालमध्ये घर बांधताना : जमीन, परवाना आणि कालहरण

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 रोजी संपला आणि पोर्तुगीज पारपत्राच्या बळावर थेट इंग्लंड गाठण्याचा गोमंतकीयांचा जुना मार्ग बंद झाला. तेव्हापासून अनेक कुटुंबांची नजर प्रत्यक्ष पोर्तुगालकडे वळली आहे. तेथे जमीन घेऊन घर बांधण्यास परकीयांना मज्जाव नाही. पोर्तुगीज नागरिकत्वही लागत नाही, करदाता क्रमांक पुरेसा असतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीस रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम त्यासाठी पाठवता येते. अडचण पैसा पाठवण्यात क्वचितच येते. ती येते जमीन विकत घेतल्यानंतर, नकाशा कामरेत दाखल करण्याच्या वेळी. आणि तिचे मूळ बहुधा खरेदीच्याच दिवशी रुजलेले असते.

पोर्तुगालमध्ये 308 नगरपालिका आहेत आणि बांधकामाचा परवाना देण्याचा अधिकार त्या त्या नगरपालिकेचा, म्हणजे ‘कामरा म्युनिसिपाल’चा असतो. ‘कामर’ हा शब्द गोव्यातील जुन्या पिढीला नवा नाही. देशभरासाठी मूळ कायदा एकच आहे : 16 डिसेंबर 1999 चा अध्यादेश क्रमांक 555/99. तो अनेकदा बदलला गेला. त्यातील सर्वांत मोठा बदल 2024 च्या अध्यादेश क्रमांक 10/2024 ने केला, ज्याला तेथे ‘सिम्प्लेक्स’ या नावाने ओळखतात. कायदा एक असला तरी प्रत्येक कामरेचा स्वतःचा विकास आराखडा असतो. त्याला ‘पीडीएम’ म्हणतात. कोणत्या जमिनीवर किती चौरस मीटर, किती मजले आणि सीमेपासून किती अंतर सोडून बांधता येईल, हे तो आराखडा ठरवतो. आपल्याकडील प्रादेशिक आराखड्याचाच हा भाऊ. मात्र आराखड्याविरुद्ध दिलेला परवाना तेथे मुळातच शून्यवत् ठरतो. अधिकाऱ्याने सही केली म्हणून घर वाचत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर ‘सगळे मिटवून देतो’ म्हणणाऱ्या दलालांपासून बचाव होईल.

जमिनीची कागदपत्रे पाहताना गोमंतकीय वाचकास पुष्कळसे ओळखीचे दिसेल. गोव्यात आजही जुन्या मालमत्तेची मालकी तपासताना वकील मात्रीजचा उतारा आणि नोंदणी कचेरीतील वर्णन-नोंद मागतात. तीच पद्धत मूळ देशात चालू आहे. वित्त विभागाकडील करनोंदीचा उतारा वेगळा आणि नोंदणी कचेरीतील मालकीची नोंद वेगळी. दोन्हींतील क्षेत्रफळ जुळतेच असे नाही. टॅगस नदीच्या उत्तरेकडील बऱ्याच भागात शेतजमिनींची शास्त्रशुद्ध मोजणी कधी झालीच नव्हती. सीमा ओढा, दगडी बांध आणि शेजाऱ्याचे नाव यांवरच चालत आल्या. तेव्हा करारनामा करण्याआधी स्वतंत्र मोजणीदाराकडून जमीन मोजून घेण्याचा खर्च कधीही वाया जात नाही. विकणाऱ्यांत सगळे सहवारस आहेत की नाहीत, हेही पाहावे. वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित जमिनीचा प्रश्न आपल्याइतकाच तेथेही जुनाट आहे. फ्रान्स, ब्राझील अथवा कॅनडात गेलेल्या एका वारसाच्या सहीसाठी व्यवहार वर्षभर अडून राहू शकतो.

करनोंदीत जमीन ‘रुस्तिको’ म्हणजे ग्रामीण, ‘उर्बानो’ म्हणजे नागरी किंवा मिश्र अशी दाखवलेली असते. येथेच बहुतेकांची फसगत होते. ग्रामीण जमीन स्वस्त मिळते, दृश्य रम्य असते आणि विक्रेता ‘येथे लहानसे घर सहज बांधता येईल’ असे सांगतो. प्रत्यक्षात ती जमीन राष्ट्रीय कृषी राखीव क्षेत्रात किंवा राष्ट्रीय पर्यावरणीय राखीव क्षेत्रात मोडत असेल, तर राहते घर बांधण्याची मुभा अगदी अपवादानेच मिळते. गोव्यात रूपांतरणाची सनद मिळवण्यासाठी जशी धावपळ चालते, तशी वाट तेथे जवळपास नाहीच. जमिनीचा वर्ग बदलायचा तर आराखडाच बदलावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात.

जून 2017 मध्ये पेद्रोगाँव ग्रांद येथील वणव्यात साठाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर रानालगतच्या बांधकामाकडे यंत्रणा फार कठोरपणे पाहू लागली. आगीचा धोका अधिक असलेल्या क्षेत्रात नवे घर रोखले जाते, आणि रानालगत घर असलेल्यास भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यातील झाडोरा दरवर्षी साफ ठेवावा लागतो. कुणाला हा जाच वाटेल. ज्यांनी ती आग पाहिली त्यांना वाटत नाही.

अशा ग्रामीण जमिनीवर जुने पडके घर असेल आणि त्याची करनोंद ‘उर्बानो’ अशी असेल, तर मात्र चित्र पालटते. कायदेशीररीत्या उभ्या राहिलेल्या वास्तूची पुनर्बांधणी करण्याचा हक्क कायदा मर्यादित स्वरूपात मान्य करतो. 7 ऑगस्ट 1951 रोजी नागरी बांधकामाची सर्वसाधारण नियमावली आली. त्यापूर्वी बांधलेल्या घरांसाठी सामान्यतः वापर परवाना मागितला जात नाही. म्हणून जुन्या करनोंदीवरील वर्ष हे पडक्या भिंतींपेक्षा मोलाचे ठरते. त्या वर्षाचा पुरावा हाती नसेल, तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

खरेदीपूर्वीची सर्वांत उपयुक्त पायरी म्हणजे कामरेकडे केलेला पूर्वमाहितीचा अर्ज. या जागेवर अमुक घर बांधता येईल काय, असा लेखी प्रश्न त्यातून विचारता येतो, आणि अर्ज करणारा मालक असण्याची आवश्यकता नाही. अनुकूल उत्तर कामरेला बांधून ठेवते. 2024 च्या बदलाने त्याची मुदत एका वर्षावरून दोन वर्षे केली. पुरेशा तपशिलाने केलेल्या अर्जास होकार मिळाला, तर त्यानुसारच्या बांधकामास पुढे स्वतंत्र परवान्याचीही गरज उरत नाही. असे असूनही घाईने बयाणा देऊन मोकळे होणारे अधिक. विक्रेता थांबायला तयार नसेल, तर निदान ‘परवाना न मिळाल्यास बयाणा परत’ ही अट करारात लिहून घ्यावी.

मान्यताप्राप्त भूखंड-विभागणीतील जागेवर पूर्वसूचना देऊन व शुल्क भरून काम सुरू करता येते. इतरत्र परवाना लागतो. नकाशा नोंदणीकृत वास्तुरचनाकाराचाच असावा लागतो. 1973 पासून लागू असलेली, वास्तुरचनाकार नसलेल्यांनाही सही करू देणारी सवलत 2009 मध्ये रद्द झाली. वास्तुरचनेच्या नकाशास मान्यता मिळाल्यावर सहा महिन्यांत संरचना, पाणी, सांडपाणी, वीज, उष्णतारोधन आदींचे आराखडे द्यावे लागतात. ही मुदत चुकली तर मिळालेली मान्यता व्यपगत होऊ शकते. परदेशात बसून काम पाहणाऱ्यांचा वेळ नेमका येथे हातातून निसटतो.

निर्णयाची मुदत 300 चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामास 120 दिवस, त्याहून मोठ्या व 2200 चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामास 150 दिवस अशी आहे. मुदतीत निर्णय न आल्यास मूक मंजुरी मानली जाते आणि तिचा दाखलाही मागता येतो. कागदावर हे सुखद वाटते. परंतु आराखड्याशी विसंगत नकाशा मौनामुळे कायदेशीर होत नाही, आणि वित्तपुरवठा करणारी बँक दाखल्याशिवाय पैसे सोडीलच अशी खात्री नसते. शिवाय वारसा विभाग, रस्ते विभाग किंवा राखीव क्षेत्राचे प्राधिकरण यांचा अभिप्राय लागणारी प्रकरणे स्वभावतःच लांबतात. एकूण पाहता, जमीन हाती आल्यापासून पाया खोदेपर्यंत एक वर्ष धरून चालावे; त्याच काळाचे घरभाडे अंदाजपत्रकात असावे.

विलंब केवळ कामरेतच होतो असे नाही. पोर्तुगालचे कुशल गवंडी गेली अनेक दशके फ्रान्स, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्गकडे जात आले आहेत. चांगला कंत्राटदार महिनोन्महिने मोकळा नसतो. करारात टप्पेवार देयके, विलंबाचा दंड आणि मूल्यवर्धित कर कोणाच्या अंगावर, हे स्पष्ट असावे. नव्या बांधकामाचा प्रमाण दर 23 टक्के असल्याने त्याचा उल्लेख नसलेला आकडा हा अर्धवट आकडा होय. जागेवरील कामाची नोंदवही कायद्याने ठेवावी लागते. तीत कोणी, कधी, काय नोंदवले, हे मालकाच्या विश्वासू माणसाने वेळोवेळी पाहिले पाहिजे.

तो विश्वासू माणूस नेमण्यासाठी गोव्यातून मुखत्यारपत्र करता येते. भारत व पोर्तुगाल दोन्ही देश हेग करारात असल्याने परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल आणि प्रमाणित पोर्तुगीज भाषांतर पुरते. अधिकार मात्र मोजकेच द्यावेत : अर्ज करणे, शुल्क भरणे, निरीक्षणास हजर राहणे. विक्रीचा व कर्ज काढण्याचा अधिकार त्यात घालण्याचे कारण नाही.

तयार घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक नवी सावधगिरी आहे. 1 जानेवारी 2024 पासून विक्रीखत करताना वापर परवाना नोटरीसमोर दाखवणे बंधनकारक राहिलेले नाही. पूर्वी हा अडसर बेकायदा वाढीव खोल्या, झाकलेले सज्जे, विनापरवाना जलतरण तलाव उघडे पाडीत असे. आता ती तपासणी खरेदीदाराने स्वतः कामरेत जाऊन, मंजूर नकाशाची प्रत मागवून आणि ती प्रत्यक्ष भिंतींशी ताडून करायची आहे.