शब्दकोड्याचा जन्म आणि एकमेव उत्तराचा प्रश्न

२१ डिसेंबर १९१३ च्या रविवारी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या ‘फन’ नामक विनोदी पुरवणीत समभुज चौकोनासारख्या आकाराची, मध्यभागी पोकळ असलेली एक चौकट छापली गेली. तिचे शीर्षक ‘वर्ड-क्रॉस’ असे होते. लहान लहान घरांत खाली दिलेल्या व्याख्यांशी जुळणारे शब्द भरावेत, एवढीच सूचना वाचकांस दिलेली होती. कोड्याचा कर्ता आर्थर विन हा मूळचा लिव्हरपूलचा. तो तरुणपणी अमेरिकेत आला होता आणि या पुरवणीचे काम पाहत होता. नाताळच्या अंकासाठी काही नवीन मजकूर हवा, या नित्याच्या संपादकीय निकडीतून ही चौकट निर्माण झाली. तिच्यामागे कोणतीही दूरदृष्टी शोधण्याचे कारण नाही.

विनच्या अग्रक्रमाविषयी पुष्कळ वाद झालेला आहे. आडवी-उभी सारखीच वाचता येणारी शब्दचौकट प्राचीन रोमन जगात माहीत होती. पाँपेईच्या अवशेषांत तिचा नमुना मिळालेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व अमेरिकन बालमासिकांतून शब्दचौकोन आणि शब्दहिरे नियमाने येत. इटलीत ज्युझेप्पे आइरोल्दी याने १४ सप्टेंबर १८९० रोजी एका साप्ताहिकात चार घरे लांब व चार घरे रुंद अशी चौकट, आडव्या व उभ्या शब्दांच्या स्वतंत्र व्याख्यांसह, प्रसिद्ध केली होती. तेव्हा ‘पहिला कोण’ हा प्रश्न फारसा फलदायी नाही. आइरोल्दीच्या चौकटीतून परंपरा निर्माण झाली नाही, विनच्या चौकटीतून झाली, हा भेद मात्र खरा आहे. आणि त्याचे कारण चौकटीपेक्षा वृत्तपत्राच्या साप्ताहिक क्रमात अधिक आढळते.

प्रत्यक्ष रचनेकडे पाहिले असता विनची अडचण स्पष्ट दिसते. पुरवणीचे नाव असलेला ‘फन’ हा तीन अक्षरी इंग्रजी शब्द त्याने वरून दुसऱ्या ओळीत आधीच छापून ठेवला होता. ही सजावट त्याला महाग पडली. या शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून खाली ‘फेस’ हा सुबोध शब्द उतरला, मधले अक्षर ‘रूल’ या शब्दात सामावले; पण शेवटच्या ‘एन’पासून जो चार अक्षरी शब्द पडला तो ‘मूठ’ या अर्थाचा, बोलण्यातून केव्हाच नाहीसा झालेला होता. गोमुती ताडाच्या तंतूचे नाव असाच एक शब्द डावीकडच्या कोपऱ्यात येऊन बसला आहे. सर्वसामान्य वाचकाला हे शब्द ठाऊक असतील अशी विनची अपेक्षा असणे शक्य नाही. परंतु तेथेच या रचनेचे मर्म आहे. ताडाच्या तंतूचे नाव ठाऊक नसले तरी त्याला छेदणारे शब्द सापडले की ते आपोआप तयार होते. ज्ञानाची उणीव छेद भरून काढतो. शब्दचौकोनात हेच घडते, पण तेथे आडवा व उभा शब्द बहुधा एकच असतो. स्वतंत्र शब्दांचे परस्परांस साक्षी होणे येथे ठळकपणे दिसू लागले.

दोष कमी नव्हते. ‘डव्ह’ हा एकच शब्द दोन ठिकाणी आला आहे. एकदा त्याची व्याख्या ‘एक पक्षी’ अशी आहे, दुसऱ्यांदा ‘कबूतर’ अशी. ‘एक पक्षी’ ही व्याख्या म्हणजे जवळजवळ काहीच न सांगणे होय. शब्दांचा निर्देशही क्लिष्ट होता : प्रत्येक शब्दाच्या आरंभीच्या व शेवटच्या घराचे असे दोन क्रमांक द्यावे लागत. छापील शब्द धरून एकूण ३२ शब्द होते. एका व्याख्येचा मजकूर ‘हे कोडे कसे आहे’ असा असून तिचे उत्तर ‘कठीण’ या अर्थाचा शब्द होते. कर्त्याचा हा थोडासा आत्मप्रत्यय म्हणावा.

पुढील काही आठवड्यांत शीर्षकातील दोन पदांची अदलाबदल होऊन ‘क्रॉस-वर्ड’ हे नाव रूढ झाले. हा जुळाऱ्यांच्या हातून झालेला प्रमाद होता असे सामान्यतः मानतात. वाचक स्वतःच्या चौकटी रचून पाठवू लागले, हे अधिक महत्त्वाचे. तथापि या काळात कोड्याचा दर्जा सुधारला असे म्हणता येत नाही. घरांचे क्रमांक चुकत, व्याख्या गळत, चौकटीचा आणि उत्तरांचा मेळ बसत नसे. छापखान्यात हे काम नकोसे होते, आणि मुद्रितशोधन करणाऱ्याला कोडे स्वतः सोडविल्याशिवाय चूक दिसणे शक्य नव्हते.

या अव्यवस्थेस शिस्त लावण्याचे श्रेय मार्गारेट पेथरब्रिज, विवाहानंतर मार्गारेट फरार, यांना द्यावे लागते. १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्या ‘वर्ल्ड’मध्ये चिटणीस म्हणून आल्या आणि इतर कोणास नको असलेले कोड्यांचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. आरंभी त्या कोडी न सोडविताच छपाईस पाठवीत. स्तंभलेखक फ्रँकलिन पी. अॅडम्स यांनी चुकांबद्दल वारंवार तक्रार केल्यावर त्यांनी एक कोडे स्वतः सोडवून पाहिले, आणि त्यानंतर प्रत्येक कोडे छपाईपूर्वी सोडवून तपासण्याची पद्धत सुरू केली. चौकट समप्रमाण असावी, सर्व भाग परस्परांशी जोडलेले असावेत, दोन अक्षरी शब्द वर्ज्य, काळी घरे एकषष्ठांशाहून अधिक नसावीत, व्याख्येस एकच क्रमांक पुरे, हे नियम या संपादनातून स्थिर झाले. पहिली चौकट विनची असली तरी आज ज्याला शब्दकोडे म्हणतात ते बव्हंशी फरार यांच्या मेजावर घडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१० एप्रिल १९२४ रोजी सायमन आणि शुस्टर या नवख्या प्रकाशकांनी शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक, सोबत एक पेन्सिल जोडून, काढले. अपयशाच्या भीतीने त्यांनी त्यावर स्वतःच्या संस्थेचे नाव घातले नाही. पहिली आवृत्ती ३,६०० प्रतींची होती. वर्षअखेरपर्यंत खप लाखांच्या घरात गेला. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या छंदाची वेळेचा पापमय अपव्यय अशी संभावना केली. त्याच पत्राने १५ फेब्रुवारी १९४२ पासून रविवारी शब्दकोडे देण्यास आरंभ केला, आणि संपादक म्हणून फरार यांचीच निवड केली. इंग्लंडमध्ये ‘संडे एक्स्प्रेस’ने २ नोव्हेंबर १९२४ रोजी, तर लंडनच्या ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० रोजी या प्रकारास स्थान दिले.

मराठीत ही चौकट आली तेव्हा तिचे गणित बदलले. इंग्रजी घरात २६ वर्णांपैकी एक बसतो. मराठी घरात काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर बसते. ‘पुस्तक’ हा शब्द तीन घरांचा. त्याच्या मधल्या घरास छेदण्यास ‘मस्तक’ चालेल, पण ‘रस्ता’ चालणार नाही, कारण तेथे ‘स्त’ नसून ‘स्ता’ आहे. परिणामी छेद विरळ होतात, काळी घरे वाढतात, शब्द आखूड पडतात आणि जी साक्ष छेदाने द्यावयाची तिचा भार व्याख्येवर येतो. मराठी कोडे रचणाऱ्यास सैल व्याख्या परवडत नाही ती यामुळे.

सैल व्याख्येचा हेतुपुरस्सर उपयोग मात्र मुंबई राज्यात बक्षिसांच्या कोड्यांनी करून दाखविला. प्रवेशशुल्क घेऊन मोठी रोख बक्षिसे देणाऱ्या या स्पर्धांत एकाच व्याख्येस एकाहून अधिक शब्द सारखेच लागू पडत. त्यांतील ‘बरोबर’ शब्द कोणता हे संपादकाने आधीच ठरविलेले असे. फरार यांच्या कोड्यात उत्तर चौकटीतूनच सिद्ध होई. येथे ते दुसऱ्याच्या मनातले ओळखावयाचे होते. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविला आणि १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापलेल्या पत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्राद्वारे कोड्यांची स्पर्धा चालविणाऱ्या चमारबागवाला यांनी त्यास आव्हान दिले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला : ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगार होय, आणि जुगारास व्यापाराचे घटनात्मक संरक्षण मिळत नाही. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धेची बक्षिसे महिन्यास एक हजार रुपयांवर जाऊ नयेत आणि प्रवेशिका दोन हजारांहून अधिक नसाव्यात अशी मर्यादा घातली होती. त्या कायद्याचाही विचार त्याच सुमारास होऊन तो केवळ जुगारस्वरूप स्पर्धांस लागू ठरला. ज्या कोड्याचे उत्तर बुद्धीने निश्चित करता येते ते त्याच्या बाहेर राहिले.