प्रश्न कमी झाले, पण ते एआयमुळेच का?

पायथनची एरर आली की ती जशीच्या तशी उचलून गुगलमध्ये टाकायची, ही सवय विज्ञान शाखेतल्या आपल्यापैकी बहुतेकांना होती. वर येणारं उत्तर बहुतेक वेळा स्टॅक ओव्हरफ्लोचं असायचं. आता तीच एरर थेट चॅटजीपीटीला दिली जाते. 'एआय आलं आणि स्टॅक ओव्हरफ्लो ओस पडलं', असं हे एका वाक्यात सांगून लोक मोकळे होतात. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी मात्र इथे थांबून विचारायला हवं: हे आपल्याला कळलं कसं?

थोडं मागे जाऊ. 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली. पुढे त्यावर विषयवार गट तयार झाले, त्यात सी भाषेचाही एक होता. तिथे तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचे. मग जुन्या मंडळींनी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र करून ठेवायला सुरुवात केली. स्टीव्ह समिट यांनी सी भाषेसाठी केलेलं असं संकलन 1995 मध्ये पुस्तकरूपाने आलं. म्हणजे एकाने विचारलेला प्रश्न पुढच्या दहा जणांच्या कामी यावा, ही धडपड बरीच जुनी आहे.

2008 च्या सप्टेंबरमध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सर्वांसाठी खुलं केलं. नियम साधे होते. चांगल्या उत्तराला मतं मिळतील, म्हणजे ते वर येईल. आधीच विचारलेला प्रश्न पुन्हा आला तर तो बंद होईल. आणि सगळा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली राहील, म्हणजे श्रेय देऊन आणि त्याच अटींवर तो कोणालाही वापरता येईल. तुमच्या एका अडचणीवर कोणीतरी फुकट वेळ देणार आणि त्याचा फायदा अनोळखी माणसांना वर्षानुवर्षं मिळत राहणार, असा तो सौदा होता.

पण याच नियमांची दुसरी बाजूही होती. नवखा विद्यार्थी प्रश्न टाकायचा आणि काही मिनिटांत तो बंद व्हायचा. 2018 मध्ये कंपनीने स्वतःच जाहीरपणे मान्य केलं की नव्या लोकांना इथे आपलेपणा वाटत नाही. शिवाय नव्या प्रश्नांची वाढ 2014 च्या आसपासच थांबली होती. एक कारण अगदी सरळ असू शकतं: नेहमीचे प्रश्न विचारून झाले होते, आणि उत्तर आधीच असेल तर नवा प्रश्न कोण टाकेल?

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं. पुढच्या आठवड्याभरातच स्टॅक ओव्हरफ्लोने त्यातून काढलेल्या उत्तरांवर बंदी घातली. कारण दिलं ते असं की ही उत्तरं दिसायला चांगली असतात, लिहायला वेळ लागत नाही, पण त्यात चुका फार असतात. जून 2023 मध्ये, एआयच्या संशयावरून मजकूर काढायला कंपनीने मर्यादा घातल्या म्हणून तिथल्या स्वयंसेवी नियंत्रकांनी संप केला. त्याच काळात प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरत होती.

आता मुद्द्याची गोष्ट. घसरण आधीच सुरू होती, नवखे आधीच दुरावले होते आणि त्यात एआय आलं. मग एआयचा वाटा वेगळा काढायचा कसा?

डेल रिओ-चानोना, लॉरेन्त्सेवा आणि वाक्स या तिघांचा 2024 मध्ये पीएनएएस नेक्ससमध्ये आलेला लेख यासाठी वाचण्यासारखा आहे. त्यांनी तुलनेसाठी रशियन आणि चिनी भाषांतली तशीच व्यासपीठं घेतली, कारण त्या देशांत चॅटजीपीटी सहज मिळत नव्हतं. सोबत गणिताची व्यासपीठं घेतली, कारण गणितात ते तेव्हा कच्चं होतं. दोन्हीकडचा आधीचा आणि नंतरचा फरक काढायचा आणि मग त्या फरकांमधला फरक बघायचा, अशी ही पद्धत. सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरचा वावर तुलनेने सुमारे 25 टक्क्यांनी घटला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता शंका काढा बघू. रशियातल्या काहींनी आडवाटेने चॅटजीपीटी वापरलं असेल तर? तर तुलनागटातही घट होईल आणि खरा परिणाम मोजलेल्यापेक्षा मोठा असेल. म्हणजे ही शंका निष्कर्षाला धक्का देत नाही. पण त्याच काळात रशियन प्रोग्रामरांच्या आयुष्यात दुसरं काही मोठं घडत असेल तर? युद्ध सुरू होतंच. ही शंका जास्त बोचरी आहे. एकाच देशावर विसंबायचं नाही, अनेक तुलनागट घ्यायचे, ते यासाठीच.

या लेखातला मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला निष्कर्ष 25 टक्क्यांचा नाही. लिहिणं कमी झालं ते नवख्यांचं आणि अनुभवींचं सारख्याच प्रमाणात, आणि उरलेल्या मजकुराला मिळणाऱ्या मतांवरून दर्जात फरक दिसला नाही. 'फक्त फालतू प्रश्न गेले, बरं झालं' असं म्हणायची सोय इथे राहत नाही. चांगले प्रश्नही गेले.

ते कुठे गेले? खाजगी संभाषणांत. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, लवकर मिळतं, कोणी हिणवत नाही. नवख्यासाठी हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या संभाषणाची सार्वजनिक नोंद उरत नाही. एखादी लायब्ररी नवी असताना लोक कुठे अडले, कोणती उत्तरं आधी मान्य झाली आणि मग चुकीची ठरली, हे 2008 नंतरच्या काही वर्षांसाठी आपण वाचू शकतो. आजच्या अडचणींची अशी नोंद मुख्यतः कंपन्यांच्या सर्व्हरवर असेल. उद्याच्या संशोधकाला ती मिळेल का, हे त्या कंपन्या ठरवतील. आणि एआय ज्या खुल्या मजकुरावर शिकलं, त्याची भर कमी होत असताना नव्या भाषांचं ते कशावरून शिकेल, हा प्रश्न उरतोच.

ज्यांना हात चालवायचा आहे त्यांनी स्टॅक ओव्हरफ्लोची जुनी माहिती घेऊन एकच भाषा निवडावी, उदाहरणार्थ आर, आणि महिनावार प्रश्नांचा आलेख काढावा. त्याआधी एका कागदावर घसरणीची तीन वेगवेगळी कारणं लिहा. त्यातलं प्रत्येक खरं असेल तर आलेख कसा दिसेल, हेही शेजारी लिहा. आलेख त्यानंतर उघडा.