चौथ्या तारेची कुळकथा

संगणकाच्या पंख्याची गती तापमानानुसार कमी-जास्त करण्याची सोय मदरबोर्डवर बऱ्याच उशिरा आली. आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीत ४.७७ मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८८ प्रोसेसर उघडाच बसवलेला असे, त्याच्यावर ना हीटसिंक ना पंखा. पंखा होता तो एसएमपीएसच्या डब्यात. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा चढला तो १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात, ४८६डीएक्स२ आणि पेंटियमच्या काळात. त्याला दोनच तारा असत. त्यांतून १२ व्होल्ट मिळाले की तो पूर्ण वेगाने फिरे.

तिसरी तार आली ती गती मोजण्यासाठी. या पंख्यांच्या मोटरला ब्रश नसतात. फिरत्या चुंबकाची जागा हॉल सेन्सर ओळखतो. त्याच संकेतावरून बहुतेक पंखे दर फेऱ्याला दोन स्पंदने तिसऱ्या तारेवर पाठवतात. नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम७८ सारख्या चिप ती मोजू लागल्या. हेतू आवाज कमी करण्याचा नव्हताच. पंखा बंद पडला तर प्रोसेसर जळण्याआधी इशारा मिळावा, एवढाच होता.

२००० सालाच्या आसपास अ‍ॅथलॉन आणि पेंटियम ४ आले आणि पंख्यांची घरघर असह्य झाली. ६० मिलिमीटरचे छोटे पंखे मिनिटाला ५,००० ते ७,००० फेरे घेत. इथे पंख्यांचे भौतिकशास्त्र मदतीला येते. गती निम्मी केली तर हवेचा प्रवाहही निम्मा होतो, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलनी उतरतो. थोडी हवा सोडून दिली की बरीच शांतता मिळते. पुढचे सगळे प्रयत्न या एका सवलतीवर उभे आहेत.

पहिले उपाय हौशी लोकांनीच शोधले. पंख्याची एक तार १२ व्होल्टला आणि जमिनीची तार ५ व्होल्टला जोडली की मधला फरक ७ व्होल्ट उरतो. ही युक्ती फुकटात होई, पण पंख्याचा प्रवाह ५ व्होल्टच्या वाटेत शिरत असल्यामुळे ती निर्धोक नव्हती. दुसरा मार्ग रोध जोडण्याचा. घरातल्या छताच्या पंख्याचा जुना, गरम होणारा रेग्युलेटर जे करी तेच इथेही होई: जादा वीज उष्णता होऊन वाया जाई. शिवाय गती एकदा ठरली की ठरली. दुपारी प्रोसेसर तापला तरी पंखा तसाच मंद.

तापमान पाहून गती बदलायची तर ते काम चिपनेच करायला हवे. विनबाँड आणि आयटीई यांच्या चिपमध्ये पंख्यांसाठी नियंत्रणाचे निर्गम येऊ लागले. अल्फ्रेडो मिलानी कंपारेत्ती यांचा ‘स्पीडफॅन’ विंडोजवर आणि ‘एलएम-सेन्सर्स’ लिनक्सवर त्यांचा वापर करू लागले. जुन्या बोर्डांची खरी अडचण इथेच आहे. चिपला गती बदलता येत असली, तरी तो निर्गम पंख्याच्या कनेक्टरपर्यंत नेण्याचे काम बोर्ड बनवणाऱ्याचे. अनेकांनी प्रोसेसरच्या पंख्यापुरताच तो नेला आणि बाकीच्या कनेक्टरना थेट १२ व्होल्ट दिले. म्हणूनच लिनक्सवरचा ‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’ एकेक निर्गम बदलून कोणत्या पंख्याचे फेरे घटतात ते आधी तपासतो. ही तपासणी अत्यंत शहाणपणाची आहे.

गती कमी करण्यासाठी तीन तारांच्या पंख्याचा पुरवठाच स्पंदनांनी तोडत राहण्यात दोन दोष होते. वीज तुटे तेव्हा गती मोजणारे मंडळही बंद पडे आणि फेऱ्यांचे आकडे बिघडत. स्पंदने संथ असली की मोटर टिकटिक किंवा गुणगुण करी. त्यामुळे काही बोर्डांनी व्होल्टेजच सलग कमी करण्याचा मार्ग धरला.

इंटेलने २००४ साली एलजीए७७५ सॉकेटसोबत चौथी तार रुळवली. १२ व्होल्टचा पुरवठा अखंड ठेवायचा आणि गतीचा हुकूम वेगळ्या तारेवरून द्यायचा, ही तिची रचना. त्या स्पंदनांची वारंवारता २५ किलोहर्ट्झ ठरली. २१ ते २८ चालते. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही, त्यामुळे गुणगुणही गेली. कनेक्टरचा आकार असा ठेवला की तीन तारांचा पंखा चार पिनांवर आणि चार तारांचा तीन पिनांवर बसावा. बसतो खरा, पण चार तारांचा नवा पंखा तीन पिनांच्या जुन्या कनेक्टरवर लावला आणि बोर्ड व्होल्टेज बदलत नसले, तर तो पूर्ण वेगानेच घोंगावतो. शांततेसाठी नवा पंखा आणणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा यामुळेच.

अशा बोर्डावर मुळातच कमी फेऱ्यांचा आणि मोठ्या व्यासाचा पंखा लावणे उत्तम, कारण तेवढीच हवा तो मंद गतीने देतो. व्होल्टेज कमी करायचे तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पंखा फिरत राहायला जेवढे व्होल्ट पुरतात, त्याहून अधिक तो थांबलेल्या अवस्थेतून सुरू व्हायला लागतात. म्हणून नियंत्रक सुरुवातीला क्षणभर जादा जोर देतो. आणि जुन्या बायोसला मंद पंखा बंद पडल्यासारखा वाटून तो इशारा देऊ लागला, तर फेऱ्यांची किमान मर्यादा तिथे खाली आणावी लागते.