पांच दांड्यांचें यंत्र आणि पंधरा सेंटांचा खाऊ

इ. स. १९५४ सालीं शिकागोचा एक फिरता विक्रेता कॅलिफोर्निया संस्थानांतील सान बर्नार्डिनो या गांवीं जावयास निघाला. दूध व आइस्क्रीम घुसळून मिल्क-शेक तयार करण्याचें पांच दांड्यांचें एक यंत्र तो विकीत असे. त्याचें नांव मल्टिमिक्सर. सामान्य उपाहारगृहाला असलें एक यंत्र पुरून उरे. परंतु त्या गांवांतील एका लहानशा दुकानानें अशीं ८ यंत्रें घेतलीं होतीं. एका दमांत ४० पेले भरावे लागतात, असा कोणता गिऱ्हाइकांचा लोट तेथें लोटत असेल, या कुतूहलानें त्याला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. या विक्रेत्याचें नांव रे क्रॉक. वय ५१ वर्षांचें. मधुमेह जडलेला, सांधे धरूं लागलेले, पित्ताशय शस्त्रक्रियेंत गेलेलें. ज्या वयांत सामान्य गृहस्थ निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडूं लागतो, त्या वयांत या मनुष्याचा खरा उद्योग अद्याप सुरूही व्हावयाचा होता.

क्रॉकचा जन्म ५ ऑक्टोबर १९०२ रोजीं शिकागोनजीक ओक पार्क येथें झाला. पहिल्या महायुद्धांत वय चोरून तो रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका-पथकांत शिरला. परंतु परदेशीं जाण्यापूर्वींच युद्ध थांबलें. त्यानंतर दिवसां कागदी पेले विकावे आणि रात्रीं शिकागोच्या एका नभोवाणी-केंद्रावर पियानो वाजवावा, असा त्याचा क्रम होता. मध्यंतरीं फ्लॉरिडांत जमिनींच्या सट्ट्याची लाट उठली, तींतही त्यानें उडी घेतली आणि लाट ओसरतांच हात हलवीत परतला. १९४० च्या आगेंमागें कागदी पेल्यांची बांधलेली नोकरी सोडून त्यानें मल्टिमिक्सर विकण्याचा मक्ता घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तोही धंदा खालावत चालला. म्हणजे सान बर्नार्डिनोची वाट त्यानें धरली ती केवळ कुतूहलानें नव्हे, गरजेनेंही.

तेथें त्याला जें दिसलें तें त्याच्या कल्पनेंतून निघालेलें नव्हतें, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. क्रॉकचें चरित्र सांगणारे पुष्कळ लोक मॅक्डोनल्ड बंधूंचा भाग दोन वाक्यांत उरकतात. तें न्याय्य नाहीं. मॉरिस व रिचर्ड हे दोघे भाऊ न्यू हँपशायरहून नशीब काढण्यासाठीं पश्चिमेकडे आले, हॉलिवुडच्या चित्रपट-कारखान्यांत हमालीसारखीं कामें केलीं, आणि १९४० सालीं त्यांनीं सान बर्नार्डिनोंत उपाहारगृह थाटलें. गिऱ्हाइकानें मोटारींतच बसावें आणि मुलींनीं तबकें नेऊन द्यावीं, असा त्या काळचा प्रघात होता. दुकान चांगलें चालत असतां १९४८ सालीं त्यांनीं तें आपण होऊन बंद केलें! तीन महिन्यांनीं तें उघडलें तेव्हां वाढणाऱ्या मुली नव्हत्या, चिनी मातीच्या बशा नव्हत्या, सुऱ्याकांटे नव्हते. पंचवीस पदार्थांच्या यादींतून नऊच राहिले होते. मुख्य पदार्थ हँबर्गर, म्हणजे पाव मधोमध चिरून त्यांत घातलेली गोमांसाच्या खिम्याची भाजलेली चकती. त्याची किंमत ३० सेंटांवरून १५ सेंटांवर आली. प्रथम गिऱ्हाईक रुसलें, मग परतलें, आणि मग आवरेना. पुढें नवी इमारत बांधावयाची ठरली तेव्हां या भावांनीं घरच्या टेनिसच्या पटांगणावर खडूनें स्वयंपाकघराचा नकाशा आंखला आणि नोकरांना त्यावरून फिरावयास लावून कोणाचें पाऊल कोठें अडतें तें पाहिलें. भट्टी कोठें, पाव कोठें, चटणी कोठें, हें सारें पावलें मोजून ठरलें. कारखान्याची शिस्त चुलीपाशीं आणण्याचा हा प्रयोग सर्वस्वीं त्यांचा होता.

क्रॉकचें वैशिष्ट्य निराळें होतें. दोघां भावांनीं कांहीं थोडे परवाने विकले होते. परंतु जिकडे तिकडे धांवत फिरण्याची त्यांना हौस नव्हती. क्रॉकला त्या दुकानांत एक दुकान न दिसतां हजार दुकानें दिसलीं. करार झाला तो असा : दर परवानेदारानें आरंभीं ९५० डॉलर द्यावे आणि विक्रीवर शेंकडा १.९ भाग द्यावा. त्यांतील अर्धा टक्का भावांचा, उरलेले १.४ क्रॉकचे. शिवाय इमारतींत वा पद्धतींत कांहींही बदल करावयाचा तर भावांची लेखी संमति घ्यावी. हें कलम पुढें फार जाचक ठरलें. शिकागोकडे थंडीमुळें भट्टीसाठीं तळघर हवें. भाऊ तोंडीं 'हो' म्हणत, पत्र मात्र कधीं पाठवीत नसत. त्यांत भर म्हणजे शिकागोच्या कुक परगण्याचा हक्क त्यांनीं आधींच दुसऱ्याला ५,००० डॉलरांस देऊन ठेविला होता. तो क्रॉकला २५,००० डॉलर मोजून सोडवावा लागला.

१५ एप्रिल १९५५ रोजीं डेस प्लेन्स येथें क्रॉकचें पहिलें दुकान उघडलें. आणि तेथें बटाट्यानें दगा दिला. तळलेल्या बटाट्याच्या काड्या हा भावांच्या दुकानाचा प्राण होता. क्रॉकनें तेच बटाटे आणले, तशाच चिरल्या, तशाच धुतल्या, तशाच तळल्या. पण चव कांहीं येईना. भावांना विचारावें तर त्यांनाही उकल नाहीं. अखेर बटाट्याच्या व्यापारांतील जाणत्यांकडे चौकशी करतां उलगडा झाला. सान बर्नार्डिनोंत बटाटे जाळीच्या पेट्यांतून उघड्या हवेंत पडून राहात आणि वाळवंटी वारा त्यांना सुकवी. त्यामुळें त्यांतील साखरेचें पिठूळ सत्त्व बनून काडी कुरकुरीत होई. भावांची विद्या त्यांच्या नकळत वाऱ्याच्या हातीं होती. क्रॉकनें तळघरांत बटाटे पसरले, त्यांवर मोठा विजेचा पंखा सोडला आणि कोरडा वारा शिकागोंत आणला. बटाट्याच्या काडीसाठीं प्रौढ मनुष्यानें इतका जीव आटवावा याचें हसूं येईल; पण आपल्याकडेही जुन्या खानावळींची कीर्ति एखाद्या आमटीवरच टिकून असते.

परवाने वाढले, तरी पैसा कांहीं सांठेना. १.४ टक्क्यांत कचेरीचा खर्चही निघत नव्हता. परवानेदारांना माल विकून त्यावर नफा काढावा, ही सोपी वाट होती; ती क्रॉकनें नाकारली, कारण मग परवानेदाराच्या बरकतीपेक्षां त्याची नड अधिक फायद्याची ठरते. मार्ग सुचविला तो हॅरी सॉनबॉर्न या त्याच्या हिशेबी सहकाऱ्यानें. १९५६ सालीं त्यांनीं जमिनींसाठीं निराळी कंपनी काढली. जागा कंपनीनें मिळवावी, दुकान बांधावें आणि परवानेदाराला भाड्यानें द्यावें. भाडें ठरीव रक्कम किंवा विक्रीवरील टक्के, यांत जें अधिक तें. खाद्यपेयांचा म्हणून गाजलेला हा उद्योग ऐश्वर्याला चढला तो घरमालकीवर. शिवाय जागा हातीं असल्यामुळें घाणेरडें दुकान ठेवणाऱ्यास हुसकावणेंही सोपें झालें. फ्रेड टर्नर या तरुणानें चकतीची जाडी, तळण्याचा वेळ, फरशी पुसण्याची रीत यांची पोथीच तयार केली आणि १९६१ सालीं ती शिकविण्याची शाळा एका दुकानाच्या तळघरांत भरूं लागली.

त्याच वर्षीं भावांशीं शेवटचा व्यवहार झाला. त्यांनीं २७ लक्ष डॉलर मागितले, तेही रोख. क्रॉकपाशीं तेवढा पैसा नव्हता. तो प्रिन्स्टन विद्यापीठासारख्या संस्थांच्या निधींतून कर्जाऊ उभा केला. भावांचें मूळ दुकान मात्र व्यवहारांतून वगळलें गेलें, याचा क्रॉकला विलक्षण राग आला. नांव तर विकलेलें, म्हणून भावांना आपल्याच दुकानाची पाटी उतरवून 'द बिग एम्' अशी नवी लावावी लागली. आणि क्रॉकनें जवळच नवें मॅक्डोनल्ड्स उघडून तें बुडविलें. कायद्यानें यांत दोष काढतां येत नाहीं. पण ज्या स्वयंपाकघराकडे पाहून मनुष्याचें भाग्य उजळलें, तेंच बंद पाडण्यांत त्यानें समाधान मानावें, हें चिकाटीचें रूप आदरणीय म्हणवत नाहीं.

त्याच्या सगळ्याच कल्पना साधल्या असेंही नाहीं. शुक्रवारीं मांस न खाणाऱ्या कॅथलिकांसाठीं त्यानें अननसाची चकती व चीज घालून एक पदार्थ काढला. सिनसिनाटीच्या परवानेदारानें माशाचा काढला. दोन्ही एका शुक्रवारीं विक्रीस ठेविले असतां मासा सपाट्यानें जिंकला, आणि क्रॉकनें हार मानली. 'बिग मॅक'ही पेनसिल्व्हेनियाच्या एका परवानेदाराच्या डोक्यांतून निघाला. १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक-निधीस त्यानें सुमारें अडीच लक्ष डॉलर दिले. अल्पवयीन कामगारांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची सवलत त्या सुमारास चर्चेंत असल्यानें त्या देणगीवर टीकेची झोड उठली; दोहोंचा संबंध क्रॉकनें नाकारला.

१४ जानेवारी १९८४ रोजीं तो वारला, तेव्हां दुकानांची संख्या साडेसात हजारांच्या घरांत होती. बारा वर्षांनंतर, १९९६ च्या ऑक्टोबरांत, दिल्ली व मुंबईचें वांद्रें येथें हीं दुकानें आलीं तीं गोमांस वगळून. त्याची पत्नी जोन १९५७ च्या सुमारास त्याला प्रथम भेटली ती सेंट पॉल येथील एका उपाहारगृहांत वाद्य वाजवीत असतां. २००३ सालीं तिच्या मृत्युपत्रान्वयें मुक्तिफौजेला सुमारें दीड अब्ज डॉलर मिळाले आणि अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीला वीस कोटींहून अधिक.