कार्ड बदलावे काय?

शहापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेतील कॉम्प्युटरपुढे या पावसाळ्यात एक प्रश्न येऊन ठाकला. पाठाची चित्रफीत लावली की चित्र अडखळे. पडद्यावरचा माणूस तोंड मिटून घेई आणि त्याचे शब्द मागाहून येत. दहावीच्या पोरांनी निदान करून टाकले, "सर, व्हिडिओ कार्ड जुनं झालंय. नवं बसवा." वर्गणीचे सहा हजार रुपये शिल्लक होते. त्यांत कार्ड तरी येईल, नाही तर वाचनालयाला पुस्तके तरी. निर्णय माझ्यावर आला, आणि निर्णय लांबणीवर टाकण्याचा खास मास्तरी उपाय म्हणून मी या कार्डाचा इतिहास वाचायला बसलो.

इतिहास मोठा रंजक निघाला. आय. बी. एम. कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा पडद्यासाठी दोन प्रकारची कार्डे मिळत. एक हिशेबनिसाचे. ते केवळ अक्षरे दाखवी. ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी, सुरेख आणि ठसठशीत. पण चित्राच्या नावाने पूज्य. दुसरे रंगीत. त्यावर चार रंगांत चित्रे उमटत, अक्षरे मात्र ओबडधोबड. म्हणजे अक्षर घ्या, नाही तर चित्र घ्या! १९८२ साली वॅन सुवन्नुकुल नावाच्या गृहस्थाने हा पेच सोडविला. त्याला आपल्या थाई लिपीत लिहायचे होते, आणि हिशेबनिसाच्या कार्डात तर २५६ आकृत्या कायमच्या कोरून ठेवलेल्या. त्यांत थाई अक्षर कुठून असणार? त्याने स्वतःच कार्ड तयार केले. ७२० बाय ३४८ ठिपक्यांच्या त्या पडद्यावर वाटेल ती आकृती काढता येई. 'हर्क्युलस' या नावाने ते जगभर खपले. मातृभाषेच्या हट्टातून एवढा व्यापार उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता आपल्या देवनागरीचे पाहा. बाराखडीच्या चौकटीत बसणारी ही लिपी २५६ आकृत्यांच्या चौकटीत मात्र बसत नाही. मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर पण लिहिताना आधी. आणि जोडाक्षरांची तर गणतीच नको! आय. आय. टी. कानपूरला या प्रश्नावर काम सुरू झाले. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तिथे वाढले. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. त्यातूनच 'जिस्ट' कार्ड आले. कॉम्प्युटरच्या पोटातल्या खाचेत ते बसविले की वर्डस्टार, लोटस, डीबेस अशी त्या काळची इंग्रजी सॉफ्टवेअरे जशीच्या तशी चालत, आणि पडद्यावर मराठी दिसे. युक्ती अशी, की यंत्राने साठवायचे ते अक्षराचे चित्र नव्हे, तर उच्चाराच्या क्रमाने वर्ण. 'क', हलन्त, 'ष' एवढेच. त्याचा 'क्ष' करून दाखविणे हे कार्डाचे काम. तोच साठा गुजरातीत दाखव म्हटले तर गुजरातीत दिसे!

ही नुसती हौस नव्हती. आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या ठाकर, कातकरी पाड्यांवरची नावे इंग्रजी अक्षरांत घालून पाहा. बी, एच, ए, एल, ए असे पाच वर्ण लिहिले, तर तो भला, भाला की भाळा, हे कोणी सांगावे? हजेरीपटात अशी नावे मराठीत लिहिताना पोराला जवळ बोलावून विचारावे लागते. कागदावर एकदा चुकलेले नाव पुढे दाखल्यादाखल्यावर चुकत जाते.

कार्डाचे आयुष्य मात्र थोडे. विंडोज आले, सॉफ्टवेअरच अक्षरे रेखाटू लागले, आणि अक्षरांसाठी वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही. पण वर्णांचा तो क्रम १९९१ साली भारतीय मानक झाला, त्याच्याच आधीच्या आराखड्यावरून युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली, आणि आज पोरांच्या मोबाइलमध्ये तोच क्रम नांदतो आहे.

इकडे कार्डे वळली खेळांकडे. १९९६ साली 'व्हूडू' आले. ते तर जुन्या कार्डाच्या जोडीनेच बसवावे लागे, थोरलीच्या शेजारी धाकटी! १९९९ साली एनव्हिडियाचे 'जीफोर्स २५६' आले. ती शर्यत अजून थांबलेली नाही.

वाचता वाचता मन मुरबाडकडे गेले. वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेले की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांचा. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी मानले जातात. गेल्या वर्षी सहल नेली तेव्हा पोरांनी एकही अक्षर न वाचता त्यापुढे फोटो काढून घेतले! असो.

शेवटी इतिहास मिटून मी कॉम्प्युटर उघडला. चित्रफीत चालू ठेवून कामांचा तक्ता पाहिला. कार्ड बिचारे निवांत होते. मेमरी काठोकाठ भरली होती आणि जुनी हार्ड डिस्क धापा टाकीत होती. झाकण काढले तर वीज पुरविणारी पेटी २४० वॅटची. चांगले कार्ड घ्यायचे तर ती पेटीही बदलावी लागली असती, आणि सहा हजारांत ते बसेना. मेमरीची एक पट्टी आणि एक छोटी एस. एस. डी. घेतली. दीड हजार उरले, त्यांतून पुस्तके आली.

पोरे हिरमुसली. चित्रफीत आता अडखळत नाही हे त्यांनी कबूल केले, पण त्यातला एक अजून म्हणतो, "सर, पण गेम नाही चालणार." तो मुरबाडकडचा आहे, आणि त्याला नाणेघाटाचे लेणे कॉम्प्युटरवर उभे करायचे आहे, असे परवा त्याच्या आईने मला सांगितले. त्या कामाला कार्ड लागते. पुढच्या वर्षीच्या वर्गणीची वही मी आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे.